वरचे आणि खालचे

मिस्त्रींचे डोळे गेले ते चोरपावलांनी. आधी कडेचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, कपाटाचं उघडं राहिलेलं दार कपाळाला लागायचं, आणि मिस्त्री ते उघडं टाकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचे. घरात ते एकटेच राहत असल्यामुळे ती बोटं कुणाला लागत नसत. लेकीने हट्टाने डॉक्टरांकडे नेलं तोवर काचबिंदूने आपलं काम उरकत आणलं होतं. एकसष्टाव्या वर्षी उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच त्यांना कळत होतं.

लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. ती कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, जावई बस कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं लावायचा. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत खिडकीपाशी मिस्त्रींचा पलंग टाकला. त्यांनी कसलीही तक्रार केली नाही, आणि लेकीला घोर लागला तो त्याचाच. हा माणूस जन्माचा तक्रारखोर. चहात साखर कमी, स्क्रू आखूड, वायर हलक्या प्रतीची, एक ना दोन. आता गार झालेला चहा पुढे ठेवला तरी निमूटपणे पिऊन कप जागेवर ठेवायचे. दिवसभर हात मांडीवर. त्या हातांना काय द्यावं हे तिला सुचत नव्हतं. तिने एक जुना रेडिओ आणून दिला. त्यांनी तो चाचपत खोलला, परत जोडला, आणि जोडताना एक बारीक स्क्रू जमिनीवर पडला. गुडघ्यांवर बसून अर्धा तास फरशी चाचपली. तो मिळाला नाही. नंतर त्यांनी रेडिओला हात लावला नाही.

जावयाची सुट्टी बुधवारी असायची. लेक कामावर गेली की घरात सासरे-जावई दोघंच. दोघांना एकमेकांबद्दल आदर भरपूर होता, त्यामुळे बोलणं जवळजवळ नव्हतंच. दुपारी जावई टीव्हीला गेम जोडून खेळत बसायचा, पण सासऱ्यांच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून हेडफोन लावून. एका बुधवारी हेडफोनची वायर तुटली. त्याने टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला आणि तसाच खेळायला लागला. मारामारीचा गेम होता. दोन गडी समोरासमोर, ज्याची ताकदीची पट्टी आधी रिकामी झाली तो हरला.

"उडी मारू नका," मिस्त्री आतून म्हणाले. "तो खालून लाथ घालणार आहे."

जावयाने उडी मारली होती. खालून लाथ बसली आणि त्याचा गडी आडवा झाला.

योगायोग असेल म्हणून तो पुढे खेळत राहिला. थोड्या वेळाने मिस्त्री पुन्हा म्हणाले, आता मागे सरका, ही दोन्ही हात वर नेते आहे. तो मागे सरला आणि पडद्यावरची वीज त्याच्या नाकासमोर पडली. मग मात्र त्याने गेम थांबवला, आतल्या खोलीत गेला आणि हे कसं काय, असं विचारलं. मिस्त्रींनी अगदी साधेपणाने सांगितलं. पैलवान खालून लाथ घालण्याआधी नाकाने श्वास ओढतो. वीजवाली हात वर नेते तेव्हा डब्यात चमचे हलल्यासारखा आवाज होतो. यात कळायचं काय आहे?

पडद्यावर त्या गड्यांची नावं भलतीच लांबलचक होती. पण जावयाने पाहिलं तर एक खरोखरच पैलवान होता आणि एक खरोखरच वीजवाली.

तो उत्साहाने पुन्हा खेळायला बसला, आणि मिस्त्री भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत येऊन दाराशी उभे राहिले. चार-पाच डाव ते बिनचूक सांगत गेले. सहाव्याला गप्प झाले. जावयाचा गडी मार खात होता आणि सासरे मान तिरकी करून नुसते ऐकत होते.

"हा कोण?" शेवटी ते म्हणाले. "हा आपल्यातला नाही."

जावयाने समजावून सांगितलं. पूर्वी दोन कंपन्यांचे दोन वेगळे गेम होते, एकमेकींच्या अगदी पक्क्या वैरिणी. मग त्यांनी हातमिळवणी करून दोन्हींकडचे सगळे गडी एकाच गेममध्ये आणले. आता कुणीही कुणाशी लढू शकतं, आणि एकाच चमूत इकडचा एक नि तिकडचा एक असेही घेता येतात.

मिस्त्री चाचपत खुर्चीवर बसले. "म्हणजे वरचे आणि खालचे एकत्र आले," ते म्हणाले, आणि जावयाला त्यातलं काही कळलं नाही.

संध्याकाळी लेक आली तेव्हा तिने त्याला सांगितलं. मिस्त्री अकरा वर्षं एका गेम पार्लरमध्ये मशिनी दुरुस्त करत होते. त्या इमारतीत पार्लर दोन होती, एक पहिल्या मजल्यावर, एक तळघरात, आणि दोन्हींना जिना एकच. वरच्या पार्लरमध्ये एका कंपनीचा मारामारीचा गेम होता, खालच्यात दुसरीचा. पोरांचे दोन तट होते, वरचे आणि खालचे. वरचा पोरगा खाली दिसला तर फितूर ठरायचा. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांचा एकच वाद वर्षानुवर्षं चालायचा, की वरचा पैलवान आणि खालची छत्रीवाली लढले तर जिंकेल कोण. वाद मिटायची सोय नव्हती, कारण एक राहायचा वरच्या मशीनमध्ये आणि दुसरी खालच्या. दोन भिन्न लाकडी पेट्यांतली माणसं भेटणार कशी?

मिस्त्रींची जागा मशीनच्या मागे होती. फळी काढून आत डोकं घातलं की दिसतात फक्त वायरी. पुढे पोरं खेळत असायची, कारण बिघाड चालू मशीनमध्येच सापडतो. त्यामुळे त्या माणसाने अकरा वर्षं त्या मारामाऱ्या पाहिल्या नव्हत्या, ऐकल्या होत्या. ठोसा लागला की वाया गेला, दांडा ओढला की बटण अडकलं, कोण पोरगा घाबरून सगळी बटणं एकदम बडवतोय, हे सगळं त्यांना पाठीमागून कळायचं.

दुसऱ्या दिवसापासून घरात मोडतोड सुरू झाली. मिस्त्रींनी फर्मान काढलं की टीव्हीच्या पोटातला आवाज कुचकामी आहे, त्यात डावं-उजवं कळत नाही. दोन वेगळे स्पीकर हवेत, एक भिंतीच्या या टोकाला आणि एक त्या. गडी डावीकडे असेल तर पाऊल डाव्या स्पीकरमध्ये वाजलं पाहिजे. जावयाने स्पीकर आणले. मिस्त्रींनी वायरी स्वतः सोलून जोडल्या, आणि ते चालू असताना लेक स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, कारण तिच्याने बघवत नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी कंट्रोलरवरची बटणं पाठ केली. वरच्या गड्यांशी ते बऱ्यापैकी खेळायला लागले. जावयाला तर त्यांनी तीनदा हरवलं, आणि जावयाने ते आपल्या कचेरीत अभिमानाने सांगितलं.

पण निम्मा गेम त्यांच्यासाठी काळोखच होता. खालचा कुणी समोर आला की ते चाचपडायचे. घंटा वाजली की घंटावाला आला हे कळायचं, तो करणार काय ते नाही. छत्रीवालीचा तर आवाजच यायचा नाही. ती अचानक डोक्यावर यायची आणि डाव संपायचा. जावई पडद्यावर बघून सांगायचा प्रयत्न करी, पण त्याचं सांगून होईतो मार खाऊन झालेला असे.

"खालच्या मावशींना विचारलं पाहिजे," एका संध्याकाळी लेकीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

मग तिनेच सांगून टाकलं. लहानपणी शाळा सुटल्यावर ती वडिलांच्या पार्लरमध्ये अभ्यास करत बसायची, तिची आई गेल्यानंतर तर रोजच. त्यांचं डोकं मशीनमध्ये गेलं की ती हळूच जिना उतरून तळघरात जायची. तिथल्या काउंटरवर एक बाई असायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या स्वतःच खेळायच्या, आणि हिलाही खेळवायच्या. ती त्यांना मावशी म्हणायची. वडिलांच्या वैऱ्यांकडे जात होतो, हे तिने पंचवीस वर्षं पोटात ठेवलं होतं.

"माहीत आहे मला," मिस्त्री म्हणाले. "वरच्या मशीनचे दांडे लांबुळके होते. त्यांनी फोड येतो तो बोटाला. तुझा यायचा तळहाताच्या मधोमध. गोल दांड्याने येतो तसा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुला तिथे बरं वाटत असणार, म्हणून जात होतीस."

त्या खालच्या बाईंचा पत्ता काढायला लेकीला दोन दिवस लागले. पार्लरं बंद पडून जमाना झाला होता. घरोघरी गेम आले आणि पोरांनी जिना चढणंही सोडलं, उतरणंही. बाईंनी एका सरकारी कचेरीसमोर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान टाकलं होतं, आणि मागच्याच खोलीत त्या राहत होत्या. लग्न केलं नव्हतं. ते का, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. लेकीला त्यांनी पाहताक्षणी ओळखलं, जवळ घेतलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, हे तुझ्या वडिलांनी सांगून पाठवलं आहे का? लेक नाही म्हणाली.

"मग त्यांना येऊ दे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद मशीनमध्ये घातला.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. एका सुट्टीच्या दिवशी, ऐन गर्दीत, तळघरातलं मोठं मशीन बंद पडलं. त्यांचा दुरुस्तीवाला गावाला गेलेला. बाई जिना चढून वरच्या पार्लरमध्ये आल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, पाच मिनिटं खाली येऊन बघता का? मिस्त्री हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते. काउंटरवर मालक बसले होते. मिस्त्री म्हणाले, वेळ नाही. बाई आल्या तशा उतरून गेल्या. त्यानंतर पार्लर बंद होईपर्यंत सहा वर्षं ती दोन माणसं एकाच जिन्यावरून ये-जा करत होती, आणि एकमेकांना वाट देण्यापलीकडे त्यांच्यात काही घडलं नाही.

लेकीला वाटलं, बाबा जाणार नाहीत. पण दुसऱ्या सकाळी ती कामाला जायच्या तयारीत असताना मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. शर्टाची बटणं एक सोडून लावली गेली होती. तिने ती नीट केली, कामावर उशिरा येते म्हणून कळवलं आणि त्यांचा हात कोपराशी धरून त्यांना घेऊन गेली.

दुकानात तेव्हा कुणी नव्हतं. झेरॉक्स मशीन तापत असल्याचा आवाज येत होता.

"बसा मिस्त्री," बाई म्हणाल्या. "खुर्ची तुमच्या डाव्या हाताला आहे."

मिस्त्री बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"त्या दिवशी मला वेळ होता," ते म्हणाले. "आणि बिघाड काय तेही माहीत होतं. आदल्या दिवसापासून तुमच्या मशीनची घरघर जिन्यातून वर येत होती. अर्थिंगची वायर सुटलेली. खाली यायचीसुद्धा गरज नव्हती, तोंडाने सांगितलं असतं तरी भागलं असतं. मालक समोर होते म्हणून नाही सांगितलं, असं मी मनाची समजूत घालत आलो. पण पुढची सहा वर्षं जिन्यात काही मालक उभे नव्हते."

बाईंनी हातातले कागद काउंटरवर ठेवले. "दोन दिवस लागले मला ती वायर सापडायला," त्या म्हणाल्या. "एकदा शॉक बसला. सुट्टीची सगळी गर्दी वर तुमच्याकडे गेली."

"हो."

"राग होता. पुष्कळ होता. पण मग सगळ्या मशिनी मीच उघडायला लागले, तशी रागाला सवड मिळेना."

लेक मधल्या मध्ये उभी होती. आपण बाहेर जावं की थांबावं हे तिला ठरवता येईना. शेवटी बाईंनीच विचारलं, तुमचं अडलंय कुठे?

"छत्रीवाली," मिस्त्री म्हणाले. "ती उडते कधी ते कळत नाही."

"कळणार कसं? ती उडतच नाही, तरंगते. वर जाताना तिचा आवाज नाही. छत्री मिटते तेव्हा कापड फडफडतं, तेवढं धरा. फडफडलं की समजायचं, आली खाली."

मग मिस्त्री खुर्चीवर बसले.

बुधवारी समोरची कचेरी दुपारीच बंद व्हायची, म्हणून बाईही दुकान बंद करायच्या. त्या बुधवारी त्या आल्या. जावयाने दार उघडलं, तर त्यांनी आधी चप्पल काढली, मग टीव्ही कोणत्या भिंतीला आहे ते पाहिलं, आणि पाणी प्यायच्या आधीच कंट्रोलर हातात घेतला. हा खेळण्यातला दांडा कुणी बनवला, असं विचारून त्यांनी मिस्त्रींना लागोपाठ चौदा डाव हरवलं. जावई नंतर लेकीला म्हणाला, तुझ्या मावशी दिसतात साध्या, पण माणसाला धोपटताना चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

त्यांची शिकवायची रीत कडक होती. एका बुधवारी एकच गडी. घंटावाला, तर दुपारभर घंटावाला. आधी त्याचे सगळे आवाज ऐकवायच्या, मग ओळखायला लावायच्या, मग मारायच्या. मिस्त्री चुकले की त्या थांबून कारण सांगायच्या, आणि मिस्त्री ते कारण मान्य करायचे नाहीत. घंटा दोनदा वाजली असं त्यांचं म्हणणं, एकदाच वाजली असं बाईंचं. यावरून शेजारच्या घरापर्यंत आवाज जायचे. उलट वरच्या गड्यांच्या बाबतीत मिस्त्री गुरू होते. पैलवानाचा श्वास बाईंना कधी ऐकूच आला नव्हता. त्यांनी आयुष्यभर त्याला पलीकडचा दांडगा एवढंच समजून टाळलं होतं. आता डोळे मिटून ऐकायला लागल्या आणि म्हणाल्या, हा तर बिचारा दमेकरी आहे.

पाचव्या बुधवारी मिस्त्रींनी त्यांना पहिल्यांदा हरवलं. छत्रीवाली खाली येता येता, कापड फडफडल्या क्षणी, पैलवानाने तिला वरच्या वर झेललं. वरचे की खालचे या वादाचा निकाल लावायला जिन्यावरची पोरं तिथे नव्हती. बाई म्हणाल्या की एका डावाने काही सिद्ध होत नाही, आणि तो निकाल तिथेच पुन्हा लोंबकळत राहिला. त्या संध्याकाळी लेकीने चहा पुढे ठेवला. मिस्त्रींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हा चहा आहे की अंघोळीचं पाणी, असं विचारलं. लेक आत गेली आणि ओट्याला टेकून थोडी रडली. मग तिने चहा नवा केला.

जावयानेच जोड्यांच्या स्पर्धेची बातमी आणली. त्यांच्या बस डेपोजवळ एक गेमिंग कॅफे होता, तिथे रविवारी सकाळी हाच गेम. दोन माणसांचा एक चमू, प्रत्येकाचा एक गडी. एक लढत असताना दुसऱ्याने थांबायचं, आणि अडचण आली की अदलाबदल करायची. मिस्त्री म्हणाले, आपलं काय काम तिथे. बाई म्हणाल्या, नाव मी देऊन आले आहे.

रविवारी चौघंही गेले. कॅफेत वीसेक जोड्या होत्या, सगळी पोरं कॉलेजच्या वयाची. मिस्त्री आणि बाई आत शिरले तेव्हा कुणीतरी उठून त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पालक असतील अशा समजुतीने. पहिल्याच डावात घोळ कळला. तिथे आवाज एकाच पेटीतून येत होता, टीव्हीच्या खालून. पावलं वाजत होती, श्वास ऐकू येत होता, पण डावीकडे की उजवीकडे, काही पत्ता लागत नव्हता. समोरचे दोघं विद्यार्थी आधी हळू खेळत होते. मिस्त्रींना ते जाणवलं आणि जास्तच लागलं. पैलवान हवेत ठोसे मारत होता.

बाईंचा गडी बाहेर थांबलेला, म्हणून त्यांचे हात मोकळे होते. त्यांनी खुर्ची सरकवली आणि मिस्त्रींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले. मग त्यांचं डावं बोट टेकलं. मिस्त्री क्षणभर थबकले. पुन्हा डावं बोट. पैलवान डावीकडे वळला आणि त्याची लाथ बसली.

कॅफेचा मालक नियमांचा कागद बघत पुढे आला, त्यात खांद्यांबद्दल काहीच नव्हतं, म्हणून तो परत गेला. ज्या वेळी बाईंची पाळी यायची त्या वेळी त्या झटकन खुर्चीवर येऊन छत्रीवाली खेळायच्या, आणि मिस्त्री कान देऊन सांगायचे की समोरचा आता श्वास घेतोय, आता घाबरलाय, बटणं बडवतोय. विद्यार्थ्यांनी हळू खेळणं केव्हाच सोडलं होतं. तरीही ते हरले. उठून त्यांनी मिस्त्रींशी हात मिळवला, आणि त्यातला एक म्हणाला, आजोबा, ते श्वासाचं नंतर सांगाल का?

दुसऱ्या फेरीत समोर दोघी बहिणी होत्या, चपळ आणि निर्दयी. त्यांनी पाच मिनिटांत मर्म ओळखलं. एकीने असा गडी घेतला जो टुणटुण उड्या मारत पैलवानाच्या डोक्यावरून सारखा पलीकडे जाई, पुन्हा अलीकडे येई. डावं, उजवं, डावं, उजवं. बाईंची बोटं मागे पडायला लागली. एकदा दोन्ही एकदम टेकली. मग त्या सगळी बोटं चालवायला लागल्या, आणि मिस्त्री म्हणाले, बाई, तुम्ही मला सांगताय की माझे खांदे चेपून देताय? बाईंना हसू फुटलं. मग मिस्त्रींनाही. लेक मागच्या बाकावर बसून वडिलांची पाठ हसण्याने हलताना पाहत होती. ते कधी इतके हसले होते, हे तिला आठवेना. पडद्यावर पैलवान मुकाट मार खात होता, आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं.

परतताना बसमध्ये दोघंही शेजारी बसून पराभवाची चूक कुणाची यावर भांडत होते. जावयाने वेळापत्रकवाल्याच्या अधिकाराने सांगितलं की पुढचा थांबा आपला, तरी त्यांचं संपेना.

पुढच्या आठवड्यात कॅफेचा मालक एक खोकं घेऊन घरी आला. आत तेरा बिघडलेले कंट्रोलर होते. कुणाचा दांडा सैल, कुणाचं बटण दबलेलंच. मिस्त्रींनी पहिला हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि सांगितलं की आत स्प्रिंग मोडली आहे. लेकीने प्रयोगशाळेतला एक उथळ ट्रे आणून दिला, काठ उंच असलेला, त्यात ती दात मांडत असे. आता स्क्रू पडला तरी ट्रेमध्येच पडत होता. बारीक अक्षरांतले आकडे वाचून सांगायचं काम बाईंकडे आलं. त्यासाठी त्या बुधवारखेरीज शुक्रवारी संध्याकाळीही यायला लागल्या. मग कधी सोमवारीही. सोमवारी काय काम निघतं हे लेकीने विचारलं नाही. जावयाने एकदा विचारायचा आव आणला, तर तिने त्याच्या पायावर पाय दिला.

असे तीन-चार महिने गेले. एका सकाळी लेक कामावर निघाली असताना मिस्त्रींनी तिला थांबवलं. ते खिडकीपाशी बसले होते, मांडीवर अर्धवट उघडलेला कंट्रोलर. एक काम होतं, ते म्हणाले. तिला वाटलं, काही सुटा भाग आणायचा असेल.

"घराची एक किल्ली करून आणशील का?" मिस्त्री म्हणाले. "बाई सोमवारी येतात तेव्हा तुम्ही दोघं कामावर असता. मला उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. त्यांना बाहेर ताटकळत उभं राहावं लागतं, ते बरं दिसत नाही."

"एवढंच ना बाबा?" लेक म्हणाली.

"एवढंच," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. ते लेकीला दिसले, त्यांना दिसायचा प्रश्न नव्हता.

किल्ली करणारा कोपऱ्यावरच बसायचा. लेक त्या दिवशी कामावर दहा मिनिटं उशिरा पोचली.